पिंपं किती दिसतात

धाकटीचं पहिलं विमान बघायला म्हणून सगळे जमले होते. पण सकाळी विमानाचा आवाज पहिल्यांदा आला, तेव्हा कोणी कोणाकडे बघेना. काकू कपात चहा ओतत होत्या, त्या ओततच राहिल्या आणि चहा बशीत उतरला. काकांनी उगाच चष्मा पुसायला घेतला. आईला वाटलं, आपल्या एकटीलाच ऐकू आलं असेल. इतक्या वर्षांत तिला तो आवाज पुष्कळदा ऐकू आला होता आणि प्रत्येक वेळी तिने तो पोटातच ठेवला होता. आवाज उत्तरेकडून आला, घरावरून गेला आणि विरला. मग काकूंनी बिस्किटं कोणाला हवीत म्हणून विचारलं आणि सगळ्यांनी एकदमच हो म्हटलं.

धाकटी तेव्हा तळावरून निघालेली नव्हती. निघणं शक्यच नव्हतं. पहाटेपासून बाहेर धूळ उभी होती. उभी म्हणायचं कारण ती वाहत नव्हती. वारा नावाला नव्हता, एक पान हलत नव्हतं, तरी धूळ काही खाली बसत नव्हती. घरापुढचं कुंपण दिसत होतं, कुंपणापलीकडचा रस्ता दिसत नव्हता. उजेड भरपूर होता, पण सूर्य कोणत्या बाजूला आहे ते कळत नव्हतं आणि माणसांच्या सावल्या पडत नव्हत्या. काकूंनी हे पहिल्यांदा बोलून दाखवलं आणि काकांनी त्यांना काहीतरी कामाचं बोल म्हणून गप्प केलं.

खरं तर दिवस कौतुकाचा होता. धाकटीला रुग्णविमानाची डावी, म्हणजे मुख्य वैमानिकाची खुर्ची मिळाली होती. या घरात त्या खुर्चीवर तिच्या आधी फक्त तिचे बाबा बसले होते आणि त्या खुर्चीनेच त्यांना नेलं, असं आईचं म्हणणं. त्यामुळे मुलीने वैमानिक व्हायचं ठरवलं तेव्हा घरात उभी फूट पडली. काका पुतणीच्या बाजूने, काकू जावेच्या बाजूने, आणि थोरली, म्हणजे धाकटीची बहीण, ज्या बाजूला कमी माणसं असतील त्या बाजूने. थोरली शाळेत शिकवायची, तिला हरणाऱ्या बाजूचा कळवळा. धाकटीने मात्र कोणाचंच ऐकलं नाही. दोन वर्षं तिने मालाची विमानं चालवली. टपालाच्या थैल्या, कोंबड्यांची खोकी, एकदा तर कोणाचं तरी पियानोसारखं काहीतरी. जिथे बैलगाडी वळवायला जागा नाही तिथे ती विमान उतरवायला शिकली. मग रुग्णसेवेच्या तळावर तिला मुलाखतीला बोलावलं. तिथल्या प्रमुखांनी एकच विचारलं, निघण्याआधी तुला काय काय माहीत असायला हवं? ती म्हणाली, हवा, इंधन आणि धावपट्टी. पेशंट कोण आहे ते नको. प्रमुख म्हणे थोडा वेळ टेबलाकडे बघत बसले आणि मग कधीपासून येतेस म्हणाले.

ते गप्प झाले याला कारण होतं. वैमानिकाला पेशंट कोण ते सांगायचं नाही, हा नियम तळावर धाकटीच्या बाबांमुळेच झाला होता. त्याआधी वैमानिक सगळं विचारायचे आणि लोक सगळं सांगायचे. बाबा अशाच धुळीत हवेत होते, परत फिरण्याच्या बेतात होते, तेव्हा त्यांनी रेडिओवर विचारलं, पेशंट कोण आहे? रेडिओपाशी आई होती. तिने उत्तर द्यायला वेळ लावला. तेवढ्यात काकांनी मागून हात घालून माइक घेतला आणि सांगितलं, दादा, आपली आई आहे. मग बाबा परत फिरले नाहीत. विमानाने गावावर दोन फेऱ्या मारल्या, सगळ्या गावाने ऐकल्या, आणि मग आवाज थांबला. पुढे कित्येक दिवस शोध चालला. विमानाचं एक चाकसुद्धा हाती लागलं नाही. आणि सासूबाई त्या दुखण्यातून आपल्या आपण उठल्या आणि पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. त्या असेपर्यंत या विषयावर घरात सगळे तोंडात मूग धरून होते आणि त्या गेल्यावर तीच सवय पडली.

तर कौतुकाच्या दिवशी थोरली आजारी पडली. आजारी ती आदल्या दिवसापासूनच होती, पण बहिणीच्या दिवसाला गालबोट नको म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही. बिस्किटांचा डबा आणायला ती उठली आणि दाराची चौकट धरून तशीच उभी राहिली. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाली. मग चौकट धरूनच खाली बसली. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना बोलावलं. त्यांनी तिच्या पोटाला उजवीकडे खाली हळूच दाबलं आणि हात पटकन काढला. थोरली ओरडली ती दाबल्यावर नाही, हात काढल्यावर. नर्सबाईंच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्यांनी फक्त स्ट्रेचर मागवला.

आरोग्य केंद्र धावपट्टीला लागूनच होतं. दोन खोल्या, एकीत खाट आणि औषधांचं कपाट, दुसरीत रेडिओ. नर्सबाईंनी डॉक्टरांच्या वेगळ्या लाइनवर बोलून घेतलं आणि आईला बाहेर बोलावून सांगितलं. अपेंडिक्स होतं, फुटायच्या बेतात होतं, आज कापायला हवं होतं. सडकेने दीड दिवस लागला असता, आणि त्या सडकेवरचे खड्डे हे पोट सहन करणार नव्हतं. विमान हवंच होतं.

"आज ड्यूटीवर कोण आहे?" आईने विचारलं.

उत्तर आईला माहीत होतं, तरी विचारल्यावाचून राहवलं नाही.

आता तळाला हवा कळवायची होती. ती कळवण्याची इथली पद्धत साधी होती. धावपट्टीच्या कडेने सारख्या अंतरावर पांढरी रंगवलेली पिंपं मांडली होती. रेडिओच्या खोलीच्या दारात उभं राहायचं, किती पिंपं दिसतात ते मोजायचं आणि तेवढा आकडा सांगायचा. पाच दिसली तर विमान येतं, त्याखाली येत नाही. हे काम रखवालदाराचं. तो आपल्या मुलीच्या गावी गेला होता. त्याच्या मागे काका करायचे, कारण धावपट्टीवरचं इंधन त्यांच्याच ताब्यात असायचं. ते पुढे झालेही. पण नर्सबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, काका, तुम्ही नाही. काकांनी का म्हणून विचारलं नाही. तेही त्यांना माहीत होतं.

म्हणून आई रेडिओपाशी बसली. लग्नानंतरची कितीतरी वर्षं हवा तीच सांगायची, आणि त्या दिवसापासून तिने माइकला हात लावला नव्हता. माइक तोच होता. वायरला नवी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, एवढाच काय तो फरक. तिने बटण दाबलं आणि तळाला साद घातली. पलीकडून तळावरच्या माणसाने थांबा म्हटलं. मग धाकटी बोलली.

"केंद्र, हवा सांगा."

सकाळी फोनवर "आई, साडी कोणती नेसलीस" म्हणून विचारणारी ती हीच, हे खरं वाटू नये इतका तो आवाज कोरडा होता. आईनेही आवाज जाड केला.

"वारा शून्य. धूळ. पिंपं दोन."

"दोनच?"

"दोन."

"धावपट्टी मोकळी आहे?"

"शेळ्या आहेत."

"समजलं. पाच दिसली की कळवा. तोवर मी जमिनीवर आहे."

एवढंच. कोण आजारी आहे, किती आजारी आहे, काही नाही. ज्या गावात आपलं सगळं घर आज जमलंय तिथून बोलावणं आलं असताना माणूस इतकं कमी कसं विचारू शकतं, असं आईच्या मनात आलं. आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण तिला तेच तर हवं होतं.

त्यानंतर वाट बघणं सुरू झालं. काका दर थोड्या वेळाने दारात जाऊन पिंपं मोजून यायचे. दोन. परत दोन. एकदा ते आत येऊन म्हणाले की दुसऱ्या पिंपाशी कोणीतरी उभं आहे. आईने जाऊन पाहिलं तर पिंपाशी कोणी नव्हतं. काका म्हणाले, आत्ता होतं, पाठमोरं होतं, टोपी घातलेलं. आईने टोपीचं पुढे काही विचारलं नाही. धाकटीचे बाबा टोपी घालायचे, पण टोपी काय कोणीही घालतं.

थोरलीच्या खोलीत सलाइन लावलं होतं. तिला ग्लानी यायची, पुन्हा जाग यायची. अशीच एकदा जाग आल्यावर तिने आईचा हात धरला.

"आई, तिला सांगितलंस का मी आहे म्हणून?"

"नाही बाळा. सांगायचं नसतं."

"सांग ना. मी आहे म्हटल्यावर ती येईल."

आईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. येईल, हे अगदी खरं होतं. धाकटी लहान असताना थोरलीच्या मागे शेपटासारखी फिरायची. शाळेच्या मैदानात थोरली पडली की भोकाड धाकटी पसरायची. मी आहे म्हटल्यावर ती दोन पिंपांत काय, एका पिंपातही आली असती.

"आई, सांग ना गं," थोरली पुन्हा म्हणाली, आणि या वेळी लहान मुलीसारखं रडली. आईने हात सोडवून घेतला, बाहेर आली आणि व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तिथे काका आले. घरातलं माणूस आहे म्हटलं की वैमानिकाचे हात वेगळे चालतात, असं त्यांचं मत होतं, आणि इतकं सगळं होऊनही ते बदललेलं नव्हतं. दादाचं नशीब खोटं होतं, सांगणं खोटं नव्हतं, असं ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते.

"वहिनी, त्या वेळी मी बोललो नसतो तर आईला बघायला दादा आलाच नाही, असं आयुष्यभर झालं असतं."

"आयुष्य राहिलं असतं भाऊजी," आई म्हणाली.

काका त्यावर तिथून निघून गेले. मग काकू आल्या. काकू आजवर प्रत्येक भांडणात आईच्या बाजूने होत्या, अगदी स्वतःच्या नवऱ्याशी अबोला धरून होत्या. त्यांनी आईच्या पाठीवर हात ठेवला आणि फार मायेने सांगितलं. नाव नका सांगू, नियम नका मोडू. पण नियम नावाचा आहे, पिंपांचा नाही. दोनाची पाच म्हणा. पोरगी हुशार आहे, इथली धावपट्टी तिच्या पायाखालची आहे, ती उतरवेल. आणि नाहीच दिसलं तर वरूनच परत जाईल. आई म्हणाली, परत जात नाहीत गं ते. काकू म्हणाल्या, ताई, आत एक मरतेय आणि तुम्ही दुसरीला जपत बसलात.

हे काकूंनी बोलायला नको होतं. पण ते खोटं नव्हतं, आणि म्हणून आईला ते फार लागलं. दोन मुलींपैकी एकीला निवड असं कोणी आईला कधी म्हणू नये. तिला मात्र तेच म्हटलं गेलं होतं, आणि तेही चहाचा रिकामा कप हातात धरून, घरातल्याच माणसाकडून.

मग थोरलीचं दुखायचं थांबलं.

ती स्वतःच म्हणाली की आता बरं वाटतंय, एकदम हलकं वाटतंय. काकांनी सुटकेचा श्वास सोडला. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. नर्सबाई मात्र लगबगीने सलाइनची दुसरी बाटली लावायला लागल्या. आईने विचारल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, की असं एकदम थांबणं चांगलं नसतं. फुटलं.

आई रेडिओच्या खोलीत गेली. तिने खोटं बोलायचं ठरवलं होतं. हे इथे स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण पुढे घरात ही गोष्ट सांगताना तेवढं वगळलं जातं. ती पाच पिंपं म्हणणार होती. तिने माइक उचलला, बटण दाबलं, आणि म्हणाली, "केंद्र बोलतंय. पिंपं..."

तेवढ्यात डोक्यावर इंजिन वाजलं.

या वेळी कोणाला चहा नव्हता की पुसायला चष्मा नव्हता. आवाज खाली होता, छपराच्या पत्र्याला कंप सुटेल इतका खाली. जुनं इंजिन होतं, मधेच अडखळणारं. उतरण्याआधी जनावरं हाकलायला वैमानिक धावपट्टीवरून एक खालची फेरी मारतात, तशी फेरी त्या आवाजाने मारली. दोन पिंपांच्या टापूत ज्या चार शेळ्या दिसत होत्या त्या माना वर करून एकदम पळाल्या. धुळीतल्या न दिसणाऱ्याही पळाल्या, कारण त्यांच्या गळ्यातल्या घंटा लांब जाताना ऐकू आल्या. काका, धाकटी आली, आली, असं ओरडत बाहेर धावले. खाटेवरची पांढरी चादर ओढून त्यांनी ती डोक्यावर धरून हलवायला सुरुवात केली. वर काहीही दिसत नव्हतं. धूळ जराही हलली नव्हती.

आईच्या पाचावर धारण बसली. पोरगी न सांगताच निघाली की काय?

"तळ, विमान निघालं का?"

"नाही," धाकटीचा आवाज आला. "विमान शेडमध्ये आहे. मी ऑफिसमध्ये आहे. का?"

आवाज धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळला आणि परत यायला लागला. काका चादर घेऊन दारात आले. तळाचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. चादर त्यांच्या हातातून गळून पडली आणि त्यांनी ती उचलली नाही.

रेडिओत नुसती खरखर होती. मग खरखर कमी झाली आणि एक पुरुष बोलला. शांत, थोडा दमलेला आवाज. शब्दाचा शेवट गिळायची त्याची सवय आईला ऐकताक्षणी ओळखू आली. त्या सवयीवरून तिने नव्या लग्नात त्याला पुष्कळ चिडवलं होतं.

"केंद्र, पेशंट कोण आहे?"

"दादा," काका म्हणाले. ते इतकं हळू म्हणाले की जणू झोपलेल्या कोणाला उठवायचं नव्हतं. आणि त्यांचा हात आईच्या खांद्यावरून माइककडे आला. तोच हात, तिथूनच.

"भाऊजी, हात मागे घ्या."

"तो विचारतोय वहिनी."

"हात मागे घ्या. ती ऐकतेय."

तीच तर गोम होती. रेडिओ एकच होता. जो कोणी वर होता त्याला जे सांगितलं जाईल, ते खाली ऑफिसमध्ये बसलेल्या धाकटीलाही ऐकू जाणार होतं. मेलेल्याला उत्तर दिलं असतं तर ते जिवंत मुलीला मिळालं असतं. आई ही फार विचार करणारी बाई नव्हती, पण हे तिला लख्ख कळलं, आणि कळल्याबरोबर तिची पाच पिंपं कुठल्या कुठे गेली. तिने दाराबाहेर पाहिलं, पुन्हा एकदा मोजली आणि बटण दाबलं.

"दोनच पिंपं दिसतायत. उतरू नका. परत फिरा."

इंजिन बरोबर छपरावर होतं.

"पेशंट कोण आहे?"

आईने डोळे मिटले. शेजारच्या खोलीत त्याची मुलगी होती. तो गेला तेव्हा ती शाळेत जायला लागली होती आणि आता त्याच शाळेत शिकवत होती. तिचं नाक त्याच्यासारखं होतं, हट्टही त्याच्याचसारखा होता. हे सगळं त्याला सांगावं असं आईला फार वाटलं. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा काही विचारलं होतं.

"तुमचं इथे कोणी नाही," ती म्हणाली. "परत फिरा हो."

आवाज थोडा वेळ तसाच डोक्यावर राहिला. मग तो उत्तरेकडे सरकायला लागला. त्याने तिसरी फेरी मारली नाही, तो लांब लांब गेला आणि शेवटी ऐकू येईनासा झाला. काका भिंतीला टेकून खाली बसले होते. काकू दारात होत्या, त्यांनी पदर तोंडात धरला होता. रेडिओत पुन्हा खरखर झाली.

"केंद्र," धाकटी म्हणाली, आणि जरा थांबली. "पिंपं दोनच ना?"

"दोनच," आई म्हणाली.

धूळ बसायला दुपार कलावी लागली. ती कशामुळे बसली कोणी सांगू शकलं नाही, कारण वारा तेव्हाही नव्हता. आधी तिसरं पिंप दिसलं, बराच वेळ तेवढंच, मग चौथं आणि पाचवं लागोपाठ. आईने आकडा सांगितला आणि पलीकडून समजलं एवढाच शब्द आला. तोवर थोरलीचं अंग तापलं होतं, पोट फळीसारखं टणक झालं होतं आणि ती कोणालाच काही सांगायला म्हणत नव्हती. नर्सबाईंनी दोनदा डॉक्टरांशी बोलून इंजेक्शनं दिली. तिसऱ्यांदा बोलताना त्यांनी दार लावून घेतलं.

विमान आलं ते नव्या इंजिनाचं, एकसारख्या आवाजाचं, डोळ्यांना दिसणारं. धाकटीने ते असं उतरवलं की काकांनी, काही झालं तरी काकाच ते, नकळत मान डोलावली. ती खाली उतरली तेव्हा स्ट्रेचर दाराशी पोचला होता. तिने बहिणीचा चेहरा पाहिला. आई तिच्याकडे बघत होती. आता ही कोसळेल म्हणून तिने दोन पावलं पुढेही टाकली होती. धाकटी कोसळली नाही. ती दचकलीसुद्धा नाही. तिने स्ट्रेचरची पुढची बाजू धरली, पट्टे ओढून पाहिले आणि नर्सबाईंना कुठे बसायचं ते दाखवलं. जागा दोघींचीच होती. आईला मागेच राहावं लागणार होतं.

"आई," दाराच्या पायरीवर थांबून धाकटी म्हणाली, "तू मघाशी कोणाला परत फिर म्हणत होतीस?"

"तुलाच."

"मी निघालेच नव्हते."

धाकटीने पुढे विचारलं नाही, न विचारायचं तिला शिकवलेलंच होतं.

"तुला माझा आवाज कळला होता?" आईने विचारलं.

"पहिल्या शब्दाला. तू माइकला हात लावतेस म्हणजे घरचंच कोणीतरी. मला वाटलं काका असतील. मग कोणी विचारलं नसताना तू म्हणालीस, तुमचं इथे कोणी नाही, आणि मला कळलं, ताई आहे." तिने हातमोजा दातांनी ओढून काढला. "मी विमानाची चावी मेकॅनिकला दिली आणि सांगितलं, मी मागितली तरी देऊ नको. मग मी तीनदा मागितली."

आईने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. त्याच वेळी तिच्या दुसऱ्या हातातून काहीतरी सुटलं. तो थोरलीचा हात होता. स्ट्रेचर आत चढवताना तिने तो धरला होता, आणि थोरली झोपलेली आहे अशी सगळ्यांची समजूत होती. ती झोपलेली नव्हती. तिने हात चादरीखाली घेतला आणि चेहरा विमानाच्या भिंतीकडे वळवला.

थोरली वाचली. महिनाभर रुग्णालयात काढून, पोटावर वीतभर व्रण घेऊन ती परत आली आणि पुन्हा शाळेत शिकवायला लागली. बहिणीशी ती बोलते, हसते, तिचे कपडेही मागून नेते. आईलाही तिने कधी काही ऐकवलं नाही. पण गावाबाहेर जायचं झालं की ती दीड दिवसाची सडक धरते, खड्ड्यांसकट. धाकटीच्या विमानात ती पुन्हा कधी बसली नाही, आणि धाकटीनेही तिला एकदाही बस म्हटलं नाही.